भाग ७ : दुसऱ्यांसाठी आणि आपल्या पाळकांसाठी प्रार्थना का करायची?

प्रभूमध्ये प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हा सर्वांना सलाम. आमच्या भिलाईत उपासना संपवून बाहेर पडताना लोक एकमेकांना 'जय मसीह की' म्हणतात. पण आई-वडील नगर जिल्ह्यातून इथे आले आणि त्यांनी घरात सलामच शिकवला, म्हणून या मालिकेत मी तोच करतो.

मागच्या भागात आपण पाहिले की स्वतःच्या गरजा देवापुढे मोकळेपणाने कशा मांडाव्यात. तो भाग ऐकून एका बहिणीने मला फोन केला. ती म्हणाली, "दादा, आमच्याच घरच्या अडचणी संपत नाहीत, मग दुसऱ्यांसाठी कधी मागायचं? आणि पाळकसाहेब तर देवाच्या जवळचे. त्यांना आमच्या प्रार्थनेची काय गरज?" प्रश्न प्रामाणिक आहे. बऱ्याच जणांच्या मनात तो असतो, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. व्हिडिओमध्ये मी वीस मिनिटांत उत्तर दिले. इथे पुस्तकात जरा सावकाश सांगतो, आणि कॅमेऱ्यासमोर जे सांगायचा धीर झाला नाही तेही सांगतो.

पहिल्यांदा एक शब्द पाहू. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा. सर्व माणसांसाठी आणि राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याविषयी तो तिथे सांगतो. त्यात आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'रदबदली' हा शब्द येतो. आजच्या मुलांना तो कळत नाही. जुन्या काळी सरकारदरबारी एखाद्याचे काम अडले, तर ज्याची तिथे ओळख असे तो जाऊन त्याच्या वतीने शब्द टाकत असे. ती रदबदली. यात दोन गोष्टी आल्या. एक, ज्याचे काम आहे तो स्वतः तिथे नाही, किंवा त्याच्यात बोलायचे बळ नाही. दुसरी, जो बोलतो त्याला स्वतःसाठी काही मिळणार नाही. मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे एवढेच. आणि पौल राजांसाठी प्रार्थना करा म्हणतो तेव्हा ते राजे काही विश्वासणारे नव्हते, हेही लक्षात ठेवा. चांगल्या माणसासाठीच प्रार्थना करायची, अशी अट त्याने घातलेली नाही.

मग कोणी विचारेल, देवाला सगळे आधीच ठाऊक आहे, तर आपण सांगून काय होणार? मला याचे मोठे शास्त्रीय उत्तर येत नाही. मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही, चौतीस वर्षे कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर नोकरी केलेला माणूस आहे. पण मला असे दिसते की प्रार्थना ही देवाला बातमी पोहोचवण्यासाठी नसते. बाप घरातले काम स्वतः करू शकतो, तरी लेकराला म्हणतो, ये, हे दुसरे टोक धर. लेकराच्या हातामुळे ओझे किती हलके होते कोण जाणे, पण त्या दिवसापासून ते काम दोघांचे होते.

आमच्या आईकडे एक वही होती. वडील १९६२ मध्ये भिलाईला नोकरीला आले. त्या वेळी पहिली भट्टी सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, हे वडील नेहमी सांगत. सेक्टरमध्ये शेजारी कोणी बंगाली, कोणी मल्याळी, कोणी तेलुगू, कोणी छत्तीसगढी. आईला हिंदी धड येत नसे. मंडळीत सगळी उपासना हिंदीत, म्हणून ती तिथे मुकाट बसायची आणि घरी येऊन मराठीत प्रार्थना करायची. त्या वहीत नावे होती. पलीकडच्या क्वार्टरमधल्या बाईचे नाव तिला नीट लिहिता येत नव्हते, म्हणून 'शिवणाची मशीन असलेली ताई' असे लिहिले होते. त्या ताईला कधी कळलेही नसेल की कोणी तिच्यासाठी रोज पहाटे देवाजवळ बोलते. मला लहानपणी हे सगळे वेळ घालवणे वाटायचे.

आपल्या भागाशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. भिलाईहून नागपूरकडे जाताना दुर्ग लागते आणि त्यापुढे राजनांदगाव. १८९३ मध्ये याच मार्गावर नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघालेला एक तरुण ब्राह्मण कवी गाडीत बसला होता. त्याच डब्यात एक गोरा प्रवासी होता. दोघांचे बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. त्या प्रवाशाने आपल्याजवळचा नवा करार तरुणाला दिला आणि सांगितले की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. तो तरुण म्हणजे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे मराठी मंडळ्यांना त्यांनी किती गीते दिली ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरातले उपासना-संगीत उघडा. पण त्या प्रवाशाचे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. तो आपल्या स्टेशनवर उतरून गेला. दुसऱ्यासाठी केलेल्या कामाचे असेच असते. ज्याने केले त्याची आठवण फारशी राहत नाही, आणि पुष्कळदा त्याला फळ पाहायलाही मिळत नाही. मी दुर्गहून लोकल पकडली की पुष्कळदा खिडकीशी बसून त्या माणसाचा विचार करतो.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायकांना वाचवून घेऊन आल्या. आपला छत्तीसगढ तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. केडगावचे मुक्ती मिशन या मुलींनी भरले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी या मुलींना विचारले की रोज प्रार्थनेला माझ्याबरोबर कोण बसेल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली आणि दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. त्यानंतर मुक्तीत जे संजीवन झाले ते सर्वांना माहीत आहे, त्यावर पुस्तके आहेत. मला वेगळेच महत्त्वाचे वाटते. त्या काय मागत होत्या? आपल्या आश्रमाला पैसा मिळावा, पीक चांगले यावे, एवढेच नाही. भारतातल्या ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे आणि सर्व देशांतल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा, असे त्या मागत होत्या. ज्यांच्यातल्या कित्येकींना दहा वर्षांपूर्वी दोन घास मिळत नव्हते, त्या पोरी साऱ्या जगासाठी रदबदली करत होत्या! आता 'आमच्याच अडचणी संपत नाहीत' असे म्हणणाऱ्या माझ्या बहिणीला मी याहून जास्त काय सांगू? अडचणी संपल्यावर दुसऱ्यांसाठी मागू असे त्यांनी ठरवले असते, तर त्या दिवसाची वाट पाहण्यातच त्यांचे आयुष्य गेले असते.

आता पाळकांचा विषय. इथेच मला अडखळायला होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक पाळकसाहेब होते. ते सात-आठ वर्षे आमच्याकडे होते. दर रविवारी सूचना संपल्या की ते म्हणत, "और मेरे लिए भी प्रार्थना कीजिए." आम्ही सगळे आमेन म्हणत असू आणि जेवायला घरी जात असू. मी त्या वेळी खजिनदार होतो. हिशेब, पावत्या, छपराची दुरुस्ती, यांवरून माझे त्यांच्याशी नेहमी खटके उडायचे. उपदेश लांबला, घरभेटीला उशीर झाला, कोणाच्या तेराव्या दिवसाच्या प्रार्थनेला ते आले नाहीत, अशी प्रत्येक तक्रार माझ्याकडे यायची आणि मी ती कमिटीत मीठमसाला लावून मांडायचो.

एका संध्याकाळी चेकवर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दिवा लावलेला नव्हता. ते अंधारात बसलेले होते. मी विचारले, तब्येत बरी नाही का? थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, गेले दहा महिने मी पवित्र शास्त्र फक्त उपदेश तयार करण्यासाठी उघडतो. माझ्यासाठी म्हणून वाचलेलं नाही. वाचवतच नाही." मी गप्प. मग त्यांनी विचारले, "माझ्यासाठी कोणी प्रार्थना करतं का हो?" मी म्हणालो, "सगळेच करतात." ते म्हणाले, "तुम्ही करता?"

मी म्हणालो, "रोज करतो."

बंधूंनो, मी एकदाही केलेली नव्हती. सात वर्षांत एकदाही नाही. सही घेऊन मी घरी आलो, जेवलो, झोपलो. पाच महिन्यांनी त्यांनी सेवा सोडली. आजारपणाचे कारण लिहिले होते. आम्ही निरोप समारंभ केला, शाल दिली. मी भाषणही केले.

माझ्या प्रार्थनेने ते थांबले असते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि त्यात अहंकारही आहे. पण ज्या माणसाने आमच्या प्रत्येक घरातल्या आजाऱ्याचे नाव घेऊन देवाजवळ मागितले, त्याचे नाव घेणारे त्या मंडळीत किती जण होते, हा प्रश्न मला आजही सुटत नाही.

निर्गमच्या सतराव्या अध्यायात रफीदीमची लढाई आहे. खाली मैदानात यहोशवा लढतो आहे, वर टेकडीवर मोशे हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएल वरचढ होतो, खाली आले की अमालेक. मोशेसारखा मोशे, ज्याच्यासमोर समुद्र दुभंगला, त्याचे हात दुखले. पवित्र शास्त्र हे लपवत नाही. मग अहरोन आणि हूर काय करतात? ते त्याला विश्वासावर व्याख्यान देत नाहीत. 'तुम्ही पुढारी, तुम्हाला थकून कसे चालेल' असेही म्हणत नाहीत. एक दगड आणून त्याच्याखाली ठेवतात, त्याला बसवतात आणि दोघे दोन बाजूंनी त्याचे हात धरून सूर्यास्तापर्यंत उभे राहतात. मला तो दगड फार आवडतो. हात धरण्याच्या आधी त्यांनी माणसाला बसायला दिले.

आमच्या भट्टीवर एक नियम होता. ब्लास्ट फर्नेस एकदा पेटली की वर्षानुवर्षे ती चालूच राहते, दिवाळी असो की नाताळ. म्हणून फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट शिफ्ट. आणि नियम असा की रिलीव्हर येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्या माणसाने जागा सोडायची नाही. कधी रिलीव्हर आला नाही तर त्याच माणसाला पुढची पाळीही ओढावी लागे. सलग सोळा तास त्या उष्णतेत काढलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. त्या संध्याकाळी पाळकसाहेबांच्या घरात मी तोच चेहरा पाहिला होता. भट्टीवर असतो तर लगेच ओळखला असता.

पाळकांना आपल्या प्रार्थनेची काय गरज, याचे उत्तर पौलाकडूनच घ्या. ज्याने मंडळ्या स्थापन केल्या तो इफिसच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तुरुंगातून विनंती करतो की मला धैर्याने बोलता यावे म्हणून प्रार्थना करा. म्हणजे धैर्य कमी पडेल अशी त्याला भीती होती. रोमच्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो अगदी नेमक्या गोष्टी मागतो: यहूदीयातल्या विरोधकांपासून सुटका व्हावी, यरुशलेमेतल्या पवित्र जनांनी आपली मदत स्वीकारावी आणि शेवटी आनंदाने रोमला पोहोचता यावे. पुढे काय झाले ते प्रेषितांच्या कृत्यांत वाचा. यरुशलेमेत जमावाने त्याला मारहाण केली. चाळीसहून जास्त माणसांनी त्याला ठार मारण्याची शपथ घेतली. तो वाचला, पण दोन वर्षे कैसरियात कैदेत राहिला, जहाज फुटले, आणि रोमला पोहोचला तो पहाऱ्यातला कैदी म्हणून. प्रार्थना ऐकली गेली की नाही? ऐकली गेली. पण रोममधल्या विश्वासणाऱ्यांनी डोळ्यांसमोर जे चित्र आणले असेल तसे घडले नाही.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण काही वक्ते सांगतात की एवढे दिवस, एवढे तास प्रार्थना केली की काम झालेच. आमच्या ओळखीतल्या एका तरुण भावाच्या किडनीसाठी आम्ही तीन आठवडे रात्रीची साखळी प्रार्थना केली. तो गेला. त्याची आई मला म्हणाली, "तुम्ही जागत होता म्हणून त्या रात्री मला झोप लागली." याला मी उत्तर मिळाले असे म्हणू की नाही, हे तुम्हीच ठरवा. तिच्यासमोर मी कोणताही सिद्धांत मांडला नाही.

दोन धोकेही सांगतो. पहिला धोका चहाडीचा. 'अमक्यासाठी प्रार्थना करा हं, त्यांच्या घरात काय चाललंय तुम्हाला ठाऊक नाही,' असे म्हणून आपण सगळी हकिकत सांगून मोकळे होतो. ही प्रार्थनेची विनंती नाही. देवाला तपशील लागत नाहीत, नाव पुरते. आईच्या वहीत नुसती नावे होती, कोणाची भानगड लिहिलेली नव्हती.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. पाळकांसाठी प्रार्थना करा म्हणजे त्यांच्या चुकांवर पांघरूण घाला, असा अर्थ कोणी काढू नये. मंडळीचा पैसा कोणी खाल्ला किंवा कोणा मुलीशी, बाईशी, लेकराशी गैर वागला, तर हिशेब विचारावा लागतो आणि कायद्याकडे जावे लागते. 'अभिषिक्ताविरुद्ध बोलू नका' असे सांगून पीडिताला गप्प करणे हे प्रार्थनेचे काम नव्हे. अशा वेळी पहिली प्रार्थना त्या दुखावलेल्या माणसासाठी. मात्र तक्रार करणारे तोंड आणि प्रार्थना करणारे तोंड एकच असले, तर तक्रारीची भाषा बदलते, हे मी स्वतःवरून सांगतो. शमुवेलाला लोकांनी बाजूला सारून राजा मागितला, तरी पहिल्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात तो म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करणे सोडले तर ते माझ्याकडून देवाविरुद्ध पाप होईल. त्याच अध्यायात तो त्यांना त्यांची चूकही तोंडावर सांगतो. दोन्ही एकाच माणसाने, एकाच दिवशी.

आता मी काय करतो ते सांगतो. तुम्हाला जमेल तसे घ्या. आई गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. पुढची पाने कोरी होती. मी वारांप्रमाणे नावे लिहिली. सोमवारी शेजारी. मंगळवारी आजारी. बुधवारी ज्यांच्याशी माझे पटत नाही ते (ही यादी वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली). गुरुवारी सरकारी अधिकारी, कारखान्यातले कामगार, आणि नाईट शिफ्टला गेलेली पोरे. शुक्रवारी पाळक आणि त्यांचे घर. घर हे मुद्दाम लिहिले आहे. पाळकबाईंच्या दुखण्याची कोणी चौकशी करत नाही, आणि पाळकांच्या मुलांकडून सगळी मंडळी देवदूत असल्याची अपेक्षा करते. शनिवारी मंडळीतली मुले, आणि रविवारी पहाटे, उपदेश ऐकायला जाण्याआधी, उपदेश करणाऱ्यासाठी पाच मिनिटे. एवढेच. बारा-पंधरा मिनिटांच्या वर हे जात नाही. फार मोठे ठरवले की चौथ्या दिवशी सुटते. आणि प्रार्थनेनंतर एक फोन किंवा एक डबा जमला तर करावा. तो मोशेखालचा दगड विसरू नका.

प्रवास करता येत नाही, गुडघे वाकत नाहीत, आता माझा काय उपयोग, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी विल्यम केरींच्या बहिणीची गोष्ट सांगतो. केरी १७९३ मध्ये बंगालला आले ते पुन्हा मायदेशी गेले नाहीत. मराठीचे व्याकरण त्यांनी १८०५ मध्ये छापले, मराठी नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यातून काढला. त्यांची बहीण पॉली इंग्लंडमध्ये अंगावरून वारे गेल्यामुळे पन्नासहून अधिक वर्षे अंथरुणाला खिळून होती, आणि तिथून भावासाठी प्रार्थना करत होती. आपल्या हातातल्या मराठी पवित्र शास्त्राच्या इतिहासात त्या अंथरुणालाही जागा आहे, असे मी मानतो.

त्या पाळकसाहेबांचे राहिले. दोन वर्षांपूर्वी मी त्यांचा नंबर शोधून फोन केला. ते आता भावाच्या गावी एका लहान शाळेत शिकवतात. मी सरळ सांगितले, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो होतो." ते थोडे हसले. म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. पण तुम्ही 'रोज' म्हणालात ना, म्हणून मी त्या रात्री देवाला म्हटलं, याला कधीतरी खरं करायला लाव." म्हणजे त्या अंधारातही रदबदली तेच करत होते, माझ्यासाठी!

लूकच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू शिमोनाला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. त्याच रात्री शिमोनाने तीनदा नाकारले. आणि तोच पुढे पन्नासाव्या दिवशी हजारोंसमोर उभा राहिला. शुक्रवारच्या पानावर त्या पाळकसाहेबांचे नाव पहिले आहे, आणि त्याखाली आताच्या पाळकांचे.

आज शुक्रवार आहे. तुमच्या पाळकांचे नाव मनात घ्या आणि माझ्याबरोबर प्रार्थना करा.

हे आमच्या स्वर्गीय बापा, जे आमच्यासाठी उभे राहतात त्यांना आज बसायला जागा दे. त्यांच्या घरात शांती दे, त्यांना तुझे वचन पुन्हा स्वतःसाठी वाचावेसे वाटू दे. ज्यांनी सेवा सोडली त्यांना सोडू नकोस. आमच्या पाळकांच्या मुलीची सोमवारपासून दहावीची परीक्षा आहे, तिला गणिताची फार भीती वाटते, तिच्याजवळ राहा. आणि आम्ही 'प्रार्थना करतो' असे ज्यांना ज्यांना सांगून ठेवले आहे, त्यांची नावे आज रात्री झोपण्याआधी आम्हाला आठवू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.